अमेरिकेतील कृष्णवर्णीय माता आणि मरणाचा ताळेबंद
(जयंती सप्ताहातील व्याख्यानाचा मजकूर)



आमच्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला व्याख्यानाला बोलावले की लोकांना वाटते, हा कर्जयोजनांवर बोलणार. यंदा विषय निराळा आहे, आणि तो या आठवड्याचाच आहे. आपण ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुल्यांची आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटना २०१८ सालापासून ११ ते १७ एप्रिल हेच सात दिवस कृष्णवर्णीय मातांच्या आरोग्याचा सप्ताह म्हणून पाळतात. त्यांनी आपले पंचांग पाहून तारखा ठरविलेल्या नाहीत. हा निव्वळ योगायोग. पण जोतीरावांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता, आणि त्याच्या दहा वर्षे आधी, १८६३ मध्ये, पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. बाळंतिणीची काळजी आणि काळ्या माणसाची मुक्ती हे दोन्ही विषय आपल्याकडे एकाच माणसाच्या अंगणात आलेले आहेत. तेव्हा हा विषय आपल्याला परका मानण्याचे कारण नाही.

आधी आकडे. अमेरिका हा जगातला सर्वांत श्रीमंत देश, आणि आरोग्यावर दरडोई सर्वाधिक पैसा खर्च करणारा. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत, त्याच कारणाने स्त्री दगावली तर त्याला मातामृत्यू म्हणतात. एक लाख जिवंत जन्मांमागे असे किती मृत्यू, यावर देशाची परीक्षा होते. २०२३ साली अमेरिकेत गोऱ्या मातांसाठी हे प्रमाण १४.५ होते, आशियाई वंशाच्या मातांसाठी १०.७, आणि कृष्णवर्णीय मातांसाठी ५०.३. म्हणजे गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त. आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, गोऱ्या मातांचे प्रमाण १९ होते आणि कृष्णवर्णीयांचे ४९.५. कोरोनाची लाट ओसरल्यावर गोऱ्यांचा आकडा खाली उतरला, कृष्णवर्णीयांचा होता तेथेच राहिला.

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून एक शंका आधीच निकालात काढतो. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर 'गरोदर होती काय' असा चौकोन २००३ पासून टप्प्याटप्प्याने आला. त्यावर चुकीच्या खुणा होतात आणि त्यामुळे एकूण आकडा फुगतो, असा आक्षेप काही संशोधकांनी घेतला आहे. तो गंभीर आक्षेप आहे. पण त्या चौकोनावर न विसंबता ज्यांनी मोजणी केली, त्यांनाही एकूण आकडा कमी सापडला तरी काळ्या-गोऱ्यांमधले अंतर तसेच सापडले. बेरीज बदलली, तफावत बदलली नाही.

आता आपल्यापैकी कोणीही म्हणेल, त्या गरीब असतील, शिकलेल्या नसतील, म्हणून मरत असतील. गरिबी आहेच. पण अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ ते २०१६ या दहा वर्षांतील मृत्यू शिक्षणानुसार वेगळे करून पाहिले आणि २०१९ साली जे प्रसिद्ध केले, ते विद्यार्थी मित्रांनी लक्ष देऊन ऐकावे. पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीच्या मृत्यूचे प्रमाण पदवीधर गोऱ्या स्त्रीच्या पाचपटीहून अधिक होते. एवढेच नव्हे, तर शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षाही ते दीडपटीहून जास्त होते. 'शिका' हा आपला पहिला मंत्र, आणि तो खराच आहे. परंतु तेथे पदवी हातात घेतलेली बाई बाळंतपणाच्या खाटेवर तिच्या पदवीइतकी सुरक्षित नाही.

बरे, शरीर कमजोर असेल म्हणावे, तर २०१६ सालच्या रिओ ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या चार जणींच्या रिले शर्यतीत अमेरिकेने सुवर्णपदक जिंकले. चौघीही कृष्णवर्णीय. त्यांपैकी अॅलिसन फेलिक्स हिला २०१८ मध्ये गरोदरपणी रक्तदाब धोक्याच्या पातळीवर चढल्यामुळे ३२ व्या आठवड्यात तातडीचे सिझेरियन करावे लागले. टियाना मॅडिसन हिला २६ व्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. आणि टोरी बोवी, २०१७ सालची शंभर मीटरची जगज्जेती, २०२३ च्या मे महिन्यात वयाच्या ३२ व्या वर्षी, आठ महिन्यांची गरोदर असताना, आपल्या घरी एकटी मरण पावलेली आढळली. श्वासाचा त्रास आणि गरोदरपणातील झटके ही संभाव्य कारणे शवविच्छेदनात नोंदली गेली. एका शर्यतीतल्या चौघींपैकी तिघींची ही कथा. याहून धडधाकट शरीरे कोठून आणायची?

टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिचे तर आपल्यालाही नाव ठाऊक. सप्टेंबर २०१७ मध्ये सिझेरियनने मुलगी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. तिला पूर्वी फुफ्फुसात रक्ताच्या गुठळ्या झालेल्या होत्या, त्यामुळे काय होत आहे हे तिने ओळखले. तिने परिचारिकेला सांगितले की सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करण्याचे औषध द्या. परिचारिकेला वाटले, वेदनाशामक औषधाने ही भ्रमात बोलते आहे. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघाले नाही. मग स्कॅन केला, तेव्हा फुफ्फुसात गुठळ्या दिसल्या. ती वाचली, आणि पुढच्या वर्षी तिने हे स्वतः जगाला सांगितले. जगातील अव्वल खेळाडू, हाताशी पैसा, तोंडात रोगाचे नाव आणि औषधाचेही नाव. तरी तिला स्वतःच्या छातीबद्दल दोनदा सांगावे लागले. जिच्याजवळ यातले काहीच नाही, तिचे कोण ऐकणार?

येथे आमच्या व्यवसायाच्या शेजारचा, म्हणजे विम्याचा, एक जुना कागद उघडावा लागतो. १८९६ साली फ्रेडरिक हॉफमन नावाच्या एका विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने जाडजूड पुस्तक लिहिले. कृष्णवर्णीय लोक जास्त मरतात, याचे कारण त्यांच्या वंशातच आहे; गुलामी संपल्यावर ही जात हळूहळू नष्टच होणार आहे, असे त्याने आकडे मांडून 'सिद्ध' केले. त्याचा व्यवहारी अर्थ सरळ होता : यांचा विमा उतरविणे परवडत नाही. आकडे खरे असू शकतात आणि निष्कर्ष खोटा असू शकतो, याचा इतका धडधडीत नमुना दुसरा मिळणार नाही. त्याला उत्तर दिले डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने. फिलाडेल्फियात घरोघर फिरून त्यांनी १८९९ साली ग्रंथ लिहिला, आणि १९०६ साली अटलांटा विद्यापीठातून खास आरोग्यावर अहवाल काढला. त्यांचे म्हणणे असे की मृत्यूचे कारण रक्तात नाही. दमट खोली, घाण पाणी, हलकी मजुरी आणि दवाखान्याचे बंद दार यांत आहे. परिस्थिती बदला, आकडा बदलेल.

हेच ते ड्युबॉइस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज गेला होता, त्याच्या प्रती बाबासाहेबांनी मागविल्या होत्या, आणि अस्पृश्यांची स्थिती व निग्रोंची स्थिती यांतील साम्य त्यांनी पत्रात नोंदविले होते. ड्युबॉइस यांनी त्याच जुलै महिन्यात उत्तर पाठविले. १९७२ मध्ये दलित पँथर हे नाव घेताना आपल्या तरुणांनी जो पूल ओलांडला, त्याचा पहिला दगड हा असा आधीच पडलेला होता.

हॉफमनचे पुस्तक आज कोणी वाचत नाही, पण त्यातला विचार मेलेला नाही. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात दोनशेवर गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही विधाने खरी की खोटी असे विचारले. काळ्या लोकांची कातडी गोऱ्यांहून जाड असते, अशा प्रकारची ती खोटी विधाने. निम्म्या जणांनी त्यांपैकी निदान एक तरी खरे मानले. आणि ज्यांनी मानले, ते कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी आहे असे धरून चालत होते. ही समजूत कोठून आली? अॅलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे १८४५ ते १८४९ या काळात मॅरियन सिम्स या डॉक्टरने अडलेल्या बाळंतपणाने जखमी झालेल्या गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. भूल न देता. अनार्का, बेट्सी, ल्युसी ही तिघींची नावे राहिली आहेत. एकट्या अनार्कावर तीसएक वेळा शस्त्रक्रिया झाली. तिला संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता, ती मालमत्ता होती. सिम्सला पुढे आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरविले गेले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा २०१८ च्या एप्रिलमध्ये हलविण्यात आला, आणि २०२१ मध्ये मॉन्टगोमेरीत त्या तिघींचे शिल्प उभे राहिले.

यंत्रेही निरागस नसतात, हे कोरोनात दिसले. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू दाखविणारे ते छोटे यंत्र आपणही घरोघर घेतले होते. गडद कातडीच्या रुग्णाचा प्राणवायू उतरलेला असताना ते तो ठीक दाखविते, आणि अशी चूक कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते, असे २०२० च्या अभ्यासात निघाले. एक सिझेरियन झालेल्या बाईचे पुढचे बाळंतपण नैसर्गिक होईल का, हे सांगणारे एक गणित डॉक्टर वापरत; त्यात बाई कृष्णवर्णीय आहे असे लिहिताच यशाची शक्यता आपोआप कमी निघे. २०२१ मध्ये त्या गणितातून वंशाचा मुद्दा काढला गेला. आणि बाळंतपणाची जागाही वेगळीच : देशातील एक चतुर्थांश रुग्णालयांत तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय बाळंतपणे होतात, आणि त्या रुग्णालयांची कामगिरी इतरांहून कमी प्रतीची आढळली आहे. शिवाय रोजच्या अवहेलनेने शरीर वयाआधी झिजते, हा विचार आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ साली मांडला, तो आता पुष्कळांना पटू लागला आहे.

हे सारे ऐकून मन विषण्ण होते. पण रोग रक्तात नसून व्यवस्थेत आहे, हे ड्युबॉइस यांचे म्हणणे खरे असेल, तर व्यवस्था बदलताच आकडा हलला पाहिजे. तो हलला का? हो, हलला. दोन उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण पैशाच्या किल्लीचे. १९४६ च्या एका कायद्याने अमेरिकन सरकारने रुग्णालये बांधायला अनुदान दिले, पण 'वेगळी पण समान' सोय चालेल अशी मुभा ठेवली. म्हणजे सरकारच्या पैशाने काळ्यांसाठी तळघरातला वॉर्ड. नॉर्थ कॅरोलिनातील जॉर्ज सिमकिन्स नावाच्या दंतवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध दावा लावला आणि १९६३ मध्ये जिंकला. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. तरी रुग्णालये ढिम्म. मग १ जुलै १९६६ पासून वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना सुरू व्हायची होती. सरकारने अट घातली : वॉर्ड एकत्र करा, नाहीतर या योजनेचा एक पैसा मिळणार नाही. चारएक महिन्यांत हजारावर रुग्णालयांनी शतकभराचे दोर कापले. ज्यांचे हृदयपरिवर्तन प्रवचनांनी झाले नाही, त्यांचे खतावणीने झाले! पुढे अर्थशास्त्रज्ञांनी मिसिसिपीतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा वॉर्ड एकत्र झाल्यानंतर न्यूमोनिया आणि हगवणीने मरणाऱ्या कृष्णवर्णीय तान्ह्या बाळांचे प्रमाण झपाट्याने उतरलेले दिसले. ती बाळे त्याच वंशाची होती, त्याच रक्ताची होती. फक्त दार उघडले होते.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियाचे. २००६ साली तेथे डॉक्टर, परिचारिका आणि शासन यांनी मिळून मातांच्या सेवेचा दर्जा सुधारणारी एक यंत्रणा उभी केली. प्रत्येक मृत्यूचा कागद उघडायचा आणि कोठे चुकले ते पाहायचे. अंगावरून अतोनात रक्त जाणे आणि रक्तदाब चढणे या दोन गोष्टींत उशीर होतो, असे दिसले. मग उपाय अगदी साधे योजले. रक्तस्रावाची सगळी औषधे आणि साहित्य एका ढकलगाडीत, प्रसूतिकक्षाच्या दाराशी तयार. किती रक्त गेले ते नजरेच्या अंदाजाने सांगायचे नाही. भिजलेली कापडे तोलून मोजायचे. नोटांची गड्डी डोळ्यांनी पाहून आम्ही कधी पावती देतो का? अमुक इतके रक्त गेले की कोणी कोणाला बोलवायचे ते आधीच ठरलेले, आणि त्याची तालीम झालेली. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात लाखामागे १६.९ माता मरत होत्या, २०१३ मध्ये ७.३. त्याच काळात उर्वरित अमेरिकेचा आकडा चढत होता. ज्या रुग्णालयांनी ही पद्धत अंगीकारली, तेथे रक्तस्रावानंतरच्या गंभीर हानीतले काळ्या-गोऱ्यांचे अंतरही आखडले, कारण बाईचे म्हणणे कोणाला पटो न पटो, तराजू तेच सांगतो. मात्र मृत्यूतले अंतर कॅलिफोर्नियातही मिटलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. तराजू रक्तस्रावात चालतो. 'मला बरे वाटत नाही' हे तोलायचा तराजू अजून निघालेला नाही.

म्हणून दुसरी बाजू माणसांची आहे. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीय सुइणी बाळंतपणे करीत. जॉर्जियातील मेरी कोली हिच्यावर १९५३ साली सुइणींच्या शिक्षणासाठी चित्रपटही काढला गेला. परंतु १९२१ च्या कायद्यानंतर नोंदणी, तपासणी, परवाने या वाटेने सुइणींचे नियमन वाढत गेले आणि शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्या जवळपास संपल्या. बाई रुग्णालयात गेली हे चांगलेच. पण तिच्या बाजूने बोलणारे ओळखीचे माणूस गेले. आता डूला नावाच्या प्रशिक्षित सोबतिणी ती जागा घेत आहेत. ऑरेगन आणि मिनेसोटा या राज्यांनी आधी, नंतर इतर अनेकांनी, गरिबांच्या मेडिकेड योजनेतून डूलांचे पैसे द्यायला सुरुवात केली. याच मेडिकेडमध्ये पूर्वी बाळंतपणानंतर ६० दिवसांनी आईचे संरक्षण संपत असे. मृत्यू मात्र साठ दिवस मोजत नाही. २०१७ ते २०१९ मधील मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक बाळंतपणाच्या आठवड्यानंतर ते वर्षभरात झाले, आणि त्या काळातील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू टाळता आले असते, असे चौकशी समित्यांनी ठरविले. २०२१ च्या कायद्याने ही मुदत बारा महिने करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली. संसदेत लॉरेन अंडरवुड आणि अल्मा अॅडम्स या सदस्यांनी २०२० पासून मातांच्या आरोग्याच्या विधेयकांचा एक संचच मांडला आहे. त्यातले माजी सैनिक स्त्रियांसाठीचे एक विधेयक २०२१ मध्ये मंजूर झाले. पण २०२५ च्या एप्रिलमध्ये, गरोदर स्त्रियांची पाहणी १९८७ पासून चालविणाऱ्या सरकारी पथकावरच नोकरकपात कोसळली. ज्याला खोट दाखवायची नसते, तो आधी वही बंद करतो.

आणि आपली वही? आपल्याकडे मातामृत्यूचा आकडा नमुना नोंदणी पद्धतीतून येतो. २०१८ ते २०२० या काळात तो भारतासाठी ९७, महाराष्ट्रासाठी ३३ आणि केरळसाठी १९ होता. महाराष्ट्राचा आकडा अभिमानाचाच. पण त्या ३३ मध्ये कोण आहे? त्या पत्रकात राज्यवार रकाना असतो, जातवार नसतो. अमेरिकेत वर्णाचा रकाना आहे म्हणून आपण आज पन्नास आणि साडेचौदा यांची तुलना करू शकलो. बौद्ध वस्तीतली, पारधी बेड्यावरची, मेळघाटातली बाळंतीण वेगळी मोजली गेली नाही, तर तिच्याविषयी भाषण करता येईल, पण कोणाला जाब विचारता येणार नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडले होते की बाळंतपणाआधीची आणि नंतरची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात शासनाने उचलावा. १९२९ मध्ये तो कायदा झाला. समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींनी या रकान्याची मागणी हाती घ्यावी, अशी आमची संस्थेला जाहीर सूचना आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट, विशेषतः ज्यांच्या लेकी-सुना परदेशी आहेत त्यांच्यासाठी. ब्रिटनच्या २०१८ च्या अहवालात कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू गोऱ्यांच्या पाचपट निघाला, आणि आशियाई मातांचाही दुप्पट. म्हणजे तेथे आपल्या मुली गोऱ्यांच्या रांगेत नाहीत. 'डॉक्टरांना उलट विचारू नये' हा आपला घरगुती उपदेश त्यांना बरोबर बांधून देऊ नका. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, धाप, छातीत दुखणे, ताप, किंवा तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल इतके रक्त. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२० साली 'तिचे ऐका' अशा अर्थाची जी मोहीम काढली, तिच्यात बायकांना शिकविलेले एक वाक्य तेथे दाराशीच, पहिल्यांदा बोलायचे : मी गरोदर आहे, किंवा गेल्या वर्षभरात बाळंत झाले आहे.

जयभीम.